लांब रोटीचा हात

नागपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्ही मुली स्पेशलायझेशन निवडत होतो ते दुकानात शालू निवडावा तसं. उलगडून बघायचं, एकमेकींच्या खांद्यावर टाकून बघायचं आणि शेवटी आपलंच खरं करायचं. एकीनं लहान मुलं घेतली. एकीनं मनाचे आजार. एकीनं म्हातारी माणसं, कारण ती म्हणे उलट बोलत नाहीत. तिचं लग्न व्हायचं होतं, सासूशी गाठ अजून पडायची होती. मी हात घेतला. हातात सत्तावीस हाडं असतात आणि मला ती सत्तावीसही तोंडपाठ होती. शिवाय आमच्या क्षेत्रात हाताच्या थेरपिस्टला मान जास्त. मला मान आवडतो, आजही आवडतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. पडलेलं, भाजलेलं, लकवा मारलेलं माणूस पुन्हा आपल्या रोजच्या कामाला लागावं म्हणून त्याच्याकडून कामच करून घ्यायचं. बटण लावायचं, भात कालवायचा, वेणी घालायची. रायपूरला आमच्या ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे मोहल्ला) हे कुणाला पटायचं नाही. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "पोरगी मालिशचं शिकून आली का जी?" आई म्हणायची, "हव." आईला वाद नको असायचा. मी मात्र आतल्या खोलीतून ओरडून दुरुस्ती करायचे, आणि काकू पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायच्या.

आमचं राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं आणि आमचं गाव एका रात्रीत राजधानी झालं होतं. सरकारी पाट्यांवरचं जुन्या राज्याचं नाव रंगवून काढायचं काम चालू होतं. घाईत रंगवलेल्या पाट्यांवर खालचं नाव डोकावायचं. मंत्र्याला ओळखणाऱ्या कुणालातरी गल्लीतला प्रत्येक जण ओळखू लागला होता. अशा दिवसांत हाडांच्या एका डॉक्टरांनी तेलीबांध्याकडे नवं हॉस्पिटल काढलं. मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग असतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "राजधानी है, सब होना चाहिए," ते म्हणाले, आणि मला तळमजल्यावरची एक खोली, एक टेबल, एक आरसा आणि लाकडी खुंट्यांची एक पाटी मिळाली.

"स्पेशालिटी क्या है आपकी?" त्यांनी विचारलं.

"हाथ," मी ताठ मानेनं म्हटलं.

"बढ़िया," ते म्हणाले, आणि पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी पाठवली. तिच्या पायाला वाळू लागली की ती किंचाळायची. हाताला काही झालेलं नव्हतं. दुपारी एक रेल्वेतून निवृत्त झालेले बाबू आले. लकव्यानं त्यांची डावी बाजू कमजोर झाली होती आणि त्यांना पायजम्याची नाडी स्वतः बांधायची होती, बाकी काही नको होतं. मी कमरेला रबर असलेला पायजमा सुचवला. "रबर लेकरं घालतात," असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी लहान मुलं, दुपारी म्हातारे, मधल्या वेळात उदास बाया. मी ज्या ज्या शाखांना नाकं मुरडली होती त्या सगळ्या एकेक करून माझ्या खोलीत येऊन बसल्या. मुंबईच्या पुढच्या शिक्षणाचा फॉर्म मी टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. एक वर्ष इथं काढायचं आणि मग हात, फक्त हात. पुढे मी खरोखरच गेले, शिकले आणि परत त्याच खोलीत आले. पण ते नंतरचं.

आणि मग एकदाचा हात आला.

रेल्वेलाइनीपलीकडच्या गुढियारीची एक मावशी. पन्नाशीची, उंच, मालधक्क्यावर काम करून नवरा रिटायर झालेला. थंडीत नळावर घसरून पडली, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलं आणि प्लास्टर निघालं तेव्हा हात लाकडासारखा होऊन बसलेला. तिच्यासोबत तिची धाकटी मुलगी होती, उन्हाळ्यात लग्न ठरलेली. मावशी मराठी बोलायची, मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी जरा वेळ रुबाबात हिंदी झाडली.

"तुमी मराठी हा काय जी?" मावशीनं विचारलं.

"हव."

"मंग कायले हिंदी बोलून राहिल्या?"

फॉर्म मुलीनं भरला. 'काम' या रकान्यापाशी ती थांबली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "हाउसवाइफ लिख देती हूँ, दीदी." मी म्हटलं, लिही. गृहिणी म्हणजे पोळ्या लाटणं, भांडी घासणं, कपडे पिळणं. मला कोण सांगणार? मी मनगटाचे कोन मोजले. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसलं आमचं एक साधन असतं. पकडीचा जोर मोजला, तक्ता आखला आणि तीन आठवड्यांचा कार्यक्रम ठरवला. गरम पाण्यात हात, रबरी गोळा दाबणं आणि मुख्य म्हणजे पोळपाट-लाटणं. लाटणं मी आमच्या घरचं आणलं होतं. आईनं विचारलं तेव्हा थाप मारली, सरकारी कामासाठी हवंय.

मावशीसारखी पेशंट मिळायला नशीब लागतं. वेळेवर यायची, सांगितलं ते करायची, प्रत्येक गोष्टीला "हव जी" म्हणायची. पकड सुधारली, मनगट वाकू लागलं, लाटणं सरसर फिरू लागलं. माझा तक्ता इतका सुरेख दिसत होता की मी तो डॉक्टरांना दोनदा दाखवला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी म्हटलं, "मावशी, हात मस्त झाला. आता लग्नात खुशाल पोळ्या लाटा."

तिनं "हव" म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मुलगी खाली बघत म्हणाली, "दीदी, मम्मी तो बेलन पकड़ती ही नहीं. घर में बेलन मैं चलाती हूँ."

मला काही कळेना. राग आला की माझी पुस्तकी मराठी सुटते. "मंग तीन हप्ते कायले लाटून राहिल्या होत्या?"

"तुमी सांगतलं म्हणून."

"अन् तुमाले काय करायचं हाय ते काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलंच नाई जी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

मग तिनं सांगितलं. गुढियारीत आमच्या विदर्भाकडच्या घरांत लग्न निघालं की लांब रोटीसाठी तिलाच बोलावणं यायचं. ही रोटी लाटत नाहीत. कणीक मिठाच्या पाण्यात सैल भिजवून आपटून आपटून अशी लवचिक करतात की गोळा हातावर घेतला की तो आपोआप खाली ओघळू लागतो. तो या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. मडकं झाकलं जाईल एवढी मोठी, आणि पलीकडचा जाळ दिसेल एवढी पातळ. त्याचे ती पैसे घ्यायची नाही, म्हणून ते घरातल्यांच्या लेखी काम नव्हतं, आणि काम नव्हतं म्हणून फॉर्मवर नव्हतं.

"साऱ्या पाऱ्यातल्या पोरींच्या लग्नात माया हातच्या रोट्या झाल्या," ती म्हणाली. "माया पोरीच्या लग्नात दुसऱ्या बायांनं कराव्या काय?"

बोलता बोलता ती हवेतच रोटी झेलून दाखवत होती. डावा हात पूर्ण उताणा झाला, तळवा सरळ छताकडे. उजवा अर्ध्यावर येऊन अडकला, जसा कुणाशी हात मिळवायला पुढे करावा तसा. त्या तिरक्या हातावर कणीक टिकणार नव्हती, घसरून खाली पडणार होती. मनगट वाकतं किती, मुठीत जोर किती, हे सगळं मी मोजलं होतं. हात उताणा होतो का, हे पहिल्या दिवशी एकदा लिहून मी पुढे त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण लाटण्याला तो पालथाच लागतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाई समोर बसलेली, तोंडात जीभ असलेली, आणि मी कोनमापकाला विचारत बसले होते. मला स्वतःची फार लाज वाटली. लग्नाला सहा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रेल्वेच्या अंडरब्रिजखालून स्कूटी घालून मी गुढियारीत गेले. मावशीनं तिच्या जावेला रोटी करायला बसवलं होतं आणि स्वतः शेजारी उभी राहून चुका काढत होती. मी कोनमापक घेऊन चुलीपाशी बसले. जाऊ भलतीच लाजली. आपल्या कोपराला कुणी पट्टी लावेल असं तिला जन्मात वाटलं नसेल. मी बघितलं की सगळा खेळ त्या उताण्या होण्याचा आहे, आणि तोही नुसता पोचून भागत नाही. ओल्या कणकेचं वजन पेलत तिथं थांबावं लागतं. त्या दिवशी मी चार रोट्या खाल्ल्या. अभ्यास म्हणूनच खाल्ल्या.

मग खरं काम सुरू झालं. हातोडीचा दांडा टोकाशी धरायचा आणि तिच्या वजनानं हात हळूहळू बाहेरच्या बाजूला कलंडू द्यायचा. दुखेल तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा, आणखी जरासं. हाताचा साचा करून दिला, तो घालून झोपायचं. जरा हात वळू लागल्यावर ओढणी घेतली. दोन्ही हातांवर ओढणी पसरून या हातावरून त्या हातावर झेलायची. मग ओला पंचा. मग एका सोमवारी मावशी घरून डबाभर कणीक घेऊन आली.

कणीक काय करते हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पहिला गोळा जमिनीवर पडला, दुसरा आरशावर. तिसरा तिनं जोरात उसळवला तो पंख्याच्या पात्याला चिकटला, आणि मी घाबरून पंखा बंद करायच्या ऐवजी वेग वाढवला. खोलीभर कणकेचे शिंतोडे उडाले. वाळूला भिणारी ती चार वर्षांची मुलगी तेव्हा कोपऱ्यात बसली होती. तिच्या पायावर एक मोठा शिंतोडा पडला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. तिनं पाय बघितला, बोट लावलं, आणि खदखदून हसायला लागली. तिच्या आईनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ती कणकेची थेरपी कितीला असते.

बाबूंचाही उरलासुरला रुसवा गेला. मावशीची कणीक आपटून द्यायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. एका हातानं परात दाबून धरायची आणि दुसऱ्यानं गोळा आपटायचा. कमजोर डावा हात परातीवर, कारण परात पळू द्यायची नाही हे त्यांना इभ्रतीचं वाटायचं. मी सांगितलेला व्यायाम ते पाच मिनिटांत सोडायचे, कणीक मात्र अर्धा अर्धा तास. एका दुपारी ते बाथरूममधून बाहेर आले, सदरा वर करून सगळ्यांना नाडीची गाठ दाखवली आणि म्हणाले, "पाहून घ्या." आम्ही पाहून घेतली. गाठ निरगाठ होती आणि ती सोडायला पुढे पंधरा मिनिटं लागली, पण ते त्या दिवशी कुणी बोललं नाही.

डॉक्टर एकदा दारात येऊन उभे राहिले. परात, पंचा, आरशावर वाळलेली कणीक. "मैडम, ये अस्पताल है कि ढाबा?"

"सर, राजधानी है, सब होना चाहिए," मी म्हटलं. ते हसले की खोकले ते कळलं नाही, पण पुन्हा विचारायला आले नाहीत.

लग्नाला दोन आठवडे उरले आणि हात अडला. जवळजवळ उताणा व्हायचा, पण शेवटचे काही अंश काही केल्या मिळेनात. हाड थोडं वाकडं जुळलं होतं, तिथं माझा इलाज नव्हता. मी त्या रात्री जेवले नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच ओरडले. हाताची तज्ज्ञ व्हायला निघालेली मी, आणि पहिल्याच खऱ्या हातानं मला तोंडघशी पाडलं होतं.

सकाळी मावशी आली आणि तिनं काय केलं, तर उजवा कोपर अंगाशी घेतला, खांदा जरासा पाडला, कमरेतून उजवीकडे झुकली आणि गोळा नेहमीपेक्षा लहान तोडला. रोटी दोन्ही हातांवर पसरली. ओघळली नाही.

मी ओरडले, "असं नाही, मावशी. खांद्यातून नाही." आमच्या पुस्तकात हे चूक होतं. दुसऱ्या सांध्यानं चोरी करणं म्हणतात त्याला, पेशंटला ती सवय लागू द्यायची नसते.

"काहून? रोटी त झाली," ती म्हणाली.

रोटी झाली होती. मला पाहिजे होता पुस्तकातला हात, तिला पाहिजे होती रोटी, आणि मी इतके दिवस कुणाच्या कामासाठी झटत होते ते मला माझ्याच वागण्यावरून कळेनासं झालं होतं. मग मी तिच्या मागे उभी राहून एवढंच बघितलं की त्या झुकण्यानं कंबर दुखू नये. चुलीपाशी पाट किती उंच हवा, परात कुठल्या बाजूला हवी, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. तो दिवस माझ्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा दिवस होता, असं आजही वाटतं.

लग्न मे महिन्यातलं, सकाळचं. मंडपात बुद्धवंदना चालू होती, पांढऱ्या साडीतली मुलगी मान खाली घालून बसलेली, आणि मांडवामागच्या चुलीपाशी भांडण. मावशीच्या नणंदा म्हणत होत्या, "नवरीची माय चुलीपाशी बसते काय? लोकं का म्हणतीन?" मावशीनं मंगलविधीपुरतं मंडपात जाऊन मुलीला आणि जावयाला आशीर्वाद दिला, परत आली, भारी साडीचा पदर खोचला आणि पाटावर बसली. उजव्या मनगटाला मी दिलेला पट्टा बांधलेला. मला तिनं डोळ्यांनीच आपल्या डाव्या बाजूला बसायला सांगितलं.

पहिली रोटी फाटली.

मध्यभागी मोठं भोक पडून ती अर्धी मडक्यावर आणि अर्धी जाळात गेली. मागच्या बाया हातातलं काम टाकून बघू लागल्या. जाऊ उठायला लागली, म्हणजे जागा घ्यायला. मला वाटलं आपण तिला उगाच आशा लावली, आता सगळ्या पाऱ्यासमोर तिची फजिती होणार आणि ती मी केलेली असणार. मावशीनं जावेकडे बघितलंसुद्धा नाही. मडकं ओल्या फडक्यानं पुसलं, हात मिठाच्या पाण्यात बुडवले, दुसरा गोळा तोडला, कोपर अंगाशी घेतला, झुकली. कणीक या हातावरून त्या हातावर गेली, रुंद झाली, आणि ती मडक्यावर टाकताना मला तिच्यातून पलीकडचा जाळ दिसला. मग तिसरी, मग चौथी. बाया पुन्हा आपापल्या कामाला लागल्या आणि नणंदाच रोट्या घडी करून टोपल्यात ठेवू लागल्या.

पंगत बसली. रोटी आणि आमरस. जाऊ चुलीपाशी बसली आणि पहिल्या वाढीला मावशी स्वतः टोपलं घेऊन निघाली. मुलाकडच्या पहिल्या रांगेत एक आजोबा बसले होते, भंडाऱ्याकडचे, लांब रोटीतले जाणकार. त्यांनी रोटी उलगडली, दोन्ही हातांनी वर धरली, उजेडात बघितली.

"पातळ हाय," ते म्हणाले. "पण जराशी लहान झाली बाई."

मी मावशीच्या मागे आमरसाचं भांडं धरून उभी होते आणि आजोबांना काहीतरी खरमरीत सांगणारच होते.

"लहान हाय जी," मावशी म्हणाली. "पण नवरीच्या मायच्या हातची हाय."

आजोबांनी तिच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ताट पुढे सरकवलं.

"मंग दोन वाढा," ते म्हणाले.

तिनं टोपलं डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातावर दोन रोट्या घेऊन त्यांच्या ताटात वाढल्या.